लॅपटॉपचं कपाळ

नाही, त्या लॅपटॉपले मी काही केलो नाही. आधीच सांगून ठेवतो, मंग विचारू नको. परवा तुले लागोपाठ सात फोन आले ते बी मी लावलो नाही, त्यानंच लावले. अन् सातव्या फोनात मी पंचा गुंडाळून घरापुढच्या सपरीत दात घासताना दिसलो असन, तं ते तू पाह्यलं नाही समज.

चि. केशोराव, तुले अन् सुमित्राबाईले थोरल्या भावाचा आशीर्वाद. तुहे गुडघे कसे आहेत? सुमित्राबाईची शुगर उतरली नसन तं तिले म्हणा, चहात चोरून साखर टाकणं सोड. इकडं हलका धान कापून झाला, भारी उभा आहे, म्हैस व्यायली, मी बरा आहो. झालं. फोनवर तू मधामधात बोलते, म्हणून लिहून राहिलो.

तू तुह्या पोराचा, लोकेशचा जुना लॅपटॉप माह्या नातनीसाठी, रचनासाठी धाडला, चांगलं केलं. पण त्याची काच बोटानं चालते, हे कोणाले पाहिजे होतं? खाली बटनं आहेत, बटनांखाली चौकोनी पट्टी आहे, तिच्यावर बोट फिरवलं का बाण फिरते. मंग काचेले आणखी चालवाची कायले गरज? दसऱ्यापर्यंत बरा होता. चौथ्या दिवसापासून आपल्याच मनानं चालू लागला. कोणी हात लावून नाही राहिलं तरी काचेच्या वरच्या अंगाले, बराबर मधात, कोणी बोट टेकवल्यासारखं व्हायचं, अन् चालू असलेली खिडकी बंद, नाही तं दुसरीच चालू. (शेजारचा मुन्ना म्हणे, भूत शिरलं. मी म्हटलो, भुताले दुसरं काम नाही काय?)

आता खरी गोष्ट ऐक. दवाखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी, तिची ऑनलाइन परीक्षा, रविवारी अकरा वाजता, घरूनच द्यायची. वयाच्या हिशेबानं पोरीची ही शेवटची खेप. अन् नियम असा, का परीक्षेची खिडकी सोडून तीनदा दुसरीकडं गेलं का परीक्षा बंद. रडा, बोंबला, बंद. शुक्रवारी सरावाची परीक्षा लावली, तं चार मिनिटांत त्या भुतानं तिन्ही वेळा खपवल्या. पोरगी उठली अन् म्हशीले पाणी पाजाले गेली. म्हशीले तिनं जरा आधीच पाणी पाजलं होतं.

मी लॅपटॉप थैलीत टाकलो, पोरीले गाडीवर मागं बसवलो अन् आमगावले कैलाशच्या दुकानात नेलो. तो म्हणे, काच बदलावी लागन, आठ दिवस ठेवून जा. मी म्हटलो, परीक्षा परवा आहे, तू काय आठ दिवसांची गोष्ट करून राहिला? तं म्हणे, काका, मंग काचेचा टच बंद करून टाका, बाकी सारं चालन. दुकानात ही गर्दी, म्हणून कसं बंद कराचं ते कागदावर लिहून देलं. वरून विचारते, आत पाणी गेलं काय? कोणी ओल्या फडक्यानं पुसली काय? मी चूप राह्यलो. (चूप राहणं म्हणजे हो म्हणणं नव्हे, हे ध्यानात ठेव.)

रचनानं घरी येऊन तेच तिच्या आईले विचारलं. आमची सून दुर्पता कशी आहे तुले मालूम आहे, दिवसभर फडका हातात. तो फडका तिनं तिथंच टाकला. "सारं घर कोरडं पुसून बी माह्यावरच आलं? मामाजी, आजपासून त्या डब्याले मी हात नाही लावत. लावला तं पुन्हा पाणी जाईन!" अन् खरोखर लावला नाही. आता या घरात कॉम्प्युटर कोणाले समजते? दुर्पताले. बचत गटाचे सारे अर्ज तीच टाइप करते. म्हणजे जिले येते ते रुसून चुलीपाशी, अन् सातवी नापास मी कागद घेऊन काचेपुढं.

रविवारी दहा वीसले आम्ही बसलो. कागदावर लिहिलं तिथं पोचलो, तं नावाची ही लंबी यादी, सारी नावं जुळ्या भावांसारखी. मले एका ठिकाणी "टच" दिसलं. मी म्हटलो, हेच आहे, दाब. तिनं दाबलं. बंद झाली ते खालची पट्टी! आता आमचा बाण मेला, अन् भूत जित्तं. दहा चाळीस. मी बोटानंच भिडलो. मी खिडकी उघडलो का ते वरून टेकवून बंद करे. पुन्हा उघडलो, पुन्हा बंद. पोरगी म्हणे, "आजोबा, राहू द्या." ते ज्या आवाजात म्हणाली ना केशोराव, तो आवाज मले आवडला नाही.

तेवढ्यात मागून दुर्पता. "मामाजी, बोट काढा."

"तू तं हात लावत नव्हती."

"काचेले नाही लावत. बटनांले लावते. सरका."

मी भुताचा एक गुण पाहून ठेवलो होतो. एकदा टेकलं का सात मोजेपर्यंत आराम करे. म्हटलो, मी मोजतो, तू कर. ते टेकलं अन् मी सुरू झालो. लाभ, दोन, तीन...

"मामाजी, धान नाही मोजून राहिलो आपण!"

(सवय आहे. पहिल्या मापाले एक म्हणाची माही जीभच उठत नाही.) सहावर पाटी आली, खरंच बंद कराचं काय? सातवर तिनं बटन हाणलं. आम्ही तिघं काचेकडं पाहत राह्यलो. आठ. नऊ. वीसपर्यंत मोजलो. काही नाही. मंग तिनं बटनांनीच पट्टी परत चालू केली, अन् दहा चोपन्नले पोरगी परीक्षेत शिरली. मुन्नाचा कोंबडा आरवू नये म्हणून मी त्याले काखेत धरून दीड घंटा सपरीत बसलो. तो आरवला नाही, मी खोकललो नाही. बाहेर येऊन पोरगी म्हणे, पेपर बरा गेला. निकाल पुढच्या महिन्यात.

तुहा भाऊ
पुनाराम

ता.क. दुर्पता अजून माह्याशी बोलत नाही. ताट वाढते, पण ठेवताना वाजवते. तू तिले फोन कर, अन् म्हणा का काच तुह्या घरूनच बिघडून आली होती. तुह्यावर तिचा इश्वास आहे. लोकेशचं नाव खराब झालं तं होऊ दे, तो पुण्याले राहते, त्याले काय फरक पडते.

आणखी ता.क. काल रचना काचेच्या वरच्या फटीत सुई फिरवून राहिली होती. सुईले पिवळं लागलं. आता दसऱ्याले आपण विळे पुजतो, नांगर पुजतो, ट्रॅक्टर पुजतो. ज्या वस्तूवर पोरीचं सारं टांगलं होतं, ते तशीच ठेवू काय? अन् हळद-कुंकू ओलंच असते, कपाळावरच लागते, वरून, बराबर मधात. रचनानं सुई पाह्यली, मले पाह्यलं. आतून दुर्पता विचारे, काय निघालं वो? पोरगी म्हणे, धूळ.

फोन आजच कर. याच्यापुढं मी काहीच सांगत नाही.