उजव्या हाताचा व्यायाम

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची चऱ्होलीला! काळेवाडीच्या खोलीवरून निघताना आम्रपालीने माझी बॅग रिक्षात कोंबली आणि वर बजावलं, श्रीमंतांच्या घरी चाललीस, लाडावू नकोस. आम्ही दोघी उदगीरच्या, रुग्ण-सहायकाच्या कोर्सलाही एकत्रच. तीन महिने पुतळ्यावर शिकलो, आता चार आठवडे खऱ्या माणसावर प्रॅक्टिकल. माझ्या वाट्याला कौशल्याबाई आल्या. वय सत्तर. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. आजूबाजूला टॉवर उठलेत, मधे यांचा बंगला, मागे अजून गोठा आहे. सूनबाई जयमालाताईंनी मला वेगळी खोली दिली. दार लावून मी पलंगावर दोनदा उड्या मारून घेतल्या.

५ फेब्रुवारी

अंग पुसणं, दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, मऊ भात भरवणं, सगळं चोख चाललंय. व्यायाम मात्र या घरात आजवर कुणी करून घेतलाच नव्हता. मनगट धरायचं, मिटलेली बोटं एकेक करून उघडायची, पुन्हा मिटायची. पायाचं आणि गालाचंही तसंच. कोर्सच्या साधना मॅडमनी शिकवताना दहा वेळा करायला सांगितलं होतं. मी तीस वेळा करते. रुग्णात सुधारणा दिसली तर ‘अ’ श्रेणी, आणि ‘अ’ श्रेणीवालीला मोठ्या हॉस्पिटलात नोकरी. मला ती हवीच आहे. आम्रपालीला करू दे दहा वेळा, ती आहेच आळशी.

९ फेब्रुवारी

करंगळी हलली! जयमालाताई रडल्याच. शेजारच्या बायकांना बोलावून त्यांनी माझं कौतुक केलं, साधना मॅडमनी फोनवर शाबासकी दिली. मी दिवसभर हवेत. कौशल्याबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. संध्याकाळी वेणी घालताना माझ्या करंगळीला मुंग्या आल्या. काम जास्त झालं असेल.

१२ फेब्रुवारी

आज त्यांनी स्वतः उजव्या हाताने भांडं उचललं. मला मात्र कुर्त्याची बटणं लावता येईनात. दवाखान्यात जाऊन आले, तपासण्यांत काही निघालं नाही. साधना मॅडम हसल्या. म्हणाल्या, पहिल्या पोस्टिंगला असं होतंच, रुग्णाचं दुखणं मनावर घ्यायचं नाही, पहिल्याच तासाला शिकवलं होतं ना? मला लाजच वाटली. व्यायाम चाळीस वेळा केला.

१५ फेब्रुवारी

सकाळी तिन्ही व्यायाम झाले. कौशल्याबाई भिंत धरून चार पावलं चालल्या. त्याच वेळी मी जिन्यात पडले. उजवा पाय जागेवरच नव्हता. आता कळलं. किती मूर्ख मी! यापुढे त्या बाईला हात लावणार नाही. एका हाताने बॅग भरतेय. उद्या काळेवाडीला —

१६ फेब्रुवारी

जाता आलं नाही. तोंड वाकडं झालंय. शब्द फुटत नाही. डाव्या हाताने लिहितेय. हॉस्पिटलात डोक्याचा फोटो काढला, काही निघालं नाही. परत इथेच. जयमालाताई म्हणाल्या, आईंचं तू केलंस, तुझं आम्ही करू. मला आईंच्याच पलंगावर —

१८ फेब्रुवारी

कौशल्याबाई उशाशी बसून चहा प्यायल्या. उजव्या हाताने. बोलायलाही लागल्यात. म्हणाल्या, तुझी करंगळी गेली तवाच मला ठावं झालं व्हतं, पोरी. डावा हात धड व्हता माझा, तुला ढकलता आलं असतं. न्हाई ढकललं.

ही बाई नव्हे, राक्षसीण. तळतळाट लागो तिला.

२० फेब्रुवारी

साधना मॅडम माझ्यासाठी आम्रपालीला पाठवतायत. नको. तिला नको. चिठ्ठी लिहिली. ‘मला हात लावू नकोस. पळ.’ उशीखाली ठेवलीय. आल्या आल्या देणार.

२१ फेब्रुवारी

आली. मला बघून रडली. केस विंचरले. मग मनगट धरलं. मी डाव्या हाताने चिठ्ठी काढतच होते, तेवढ्यात करंगळी — माझी करंगळी हलली.

चिठ्ठी उद्या देईन. एका दिवसाने काय होतंय.

२३ फेब्रुवारी

मूठ उघडली. तिच्या हातून कप पडला. स्वतःलाच हसली. दहा वेळा कुठे, माझ्यासाठी तीस वेळा करते. वेडी.

चिठ्ठी फाडली. जयमालाताईंच्या हाती लागली असती —

२५ फेब्रुवारी

उजव्या हाताने लिहितेय. बोलताही येतंय, अजून कुणाला सांगितलं नाही. पाय तेवढा राहिलाय. फक्त पाय. आम्रपाली लंगडत आली, डाव्या हाताने खाटेला धरून उभी आहे. जड जिभेने विचारतेय, दीपमाला, पायाचं आज राहू दे का गं? मी तिला मानेनेच नाही म्हटलं आणि पायावरचं पांघरूण बाजूला सारलं.