दोन बॅकांच्या बदल्यात

बा, काल पाळी सुटल्यावर मिलमधले चार जण माझ्याकडे आले होते. मिलची फुटबॉलची टीम यंदाही मार खाऊन राहिली आहे. त्यांच्यात खरा खेळणारा गडी एकच, आणि त्यालाच दुसरे मिलवाले मागत आहेत. बदल्यात तीन माणसं देतो म्हणतात. द्यावा की नाही, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं, कारण मी तुझा मुलगा, आणि तुझ्या वेळी असंच एकदा झालं होतं हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं. मी बॉयलरचं दार लावलं, हात पुसले आणि म्हटलं, "देऊन टाका." ते खूश होऊन गेले. असं का म्हणतोस, हे एकानंही विचारलं नाही. तू असतास तर विचारलं असतंस. म्हणून तुला लिहितो आहे. आता बॉयलरवर मीच मिस्त्री आहे, तुझ्याच जागी, तुझ्याच स्टुलावर बसतो. गोरे साहेब देश सोडून जाणार असं सगळे बोलतात. कोंडा मात्र तसाच जळतो आणि धानाच्या वाफेचा वास अंगाला तसाच चिकटतो.

तुझी टीम किती वाईट होती, हे मेल्या माणसाला खरं सांगायला हरकत नाही. गोंदियात त्या वेळी चार-पाच टीम होत्या आणि आपण सगळ्यांकडून हरत होतो. तू दिवसभर बॉयलर सांभाळायचास आणि पाच वाजता धान वाळवायच्या ओट्यापलीकडच्या पडीक जागेत आम्हाला पळवायचास. हमाल, कोंडा वाहणारे, तोलारी, असे अकरा जण. बूट कुणालाच नव्हते. मग नवेगाव बांधाकडून तो आला. नाव लिहीत नाही, सगळे त्याला नवेगाववालाच म्हणायचे. ढिवराचा, मासे धरणाऱ्या घरातला, हाडकुळा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, धान उकडायच्या कुंड्यांवर कामाला लागलेला. पहिल्या दिवशी तू त्याच्याकडे बॉल ढकललास, त्यानं तो पायाच्या आतल्या बाजूनं असा थांबवला की तू विडी पेटवायची विसरलास. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तो चेहरा तू माझ्यासाठी कधी केला नव्हतास.

त्यानंतर तो आपल्या घरी जेवायला येऊ लागला. आपलं स्वयंपाकघर म्हणजे चूल, एक फळी आणि दोघांना बसता येईल एवढी जागा. त्या जागेत तू आणि तो बसायचात. मी दाराच्या उंबऱ्यावर ताट मांडीवर घेऊन बसायचो. आई आधी त्याला वाढायची, पळायचं असतं त्याला म्हणायची, जसा काही मी झोपून खेळत होतो. तुला इंजिनीयर साहेबानं जाताना दिलेले कातड्याचे बूट होते, तुझ्या पायाला मोठे, पेटीत तेल लावून ठेवलेले. एका संध्याकाळी ते तू त्याच्यासमोर ठेवलेस. तो लाजला. "मिस्त्री, मले यात पळता नाही येत," म्हणाला. "राहू दे, तुझेच आहेत," तू म्हणालास. त्यानं ते कधीच घातले नाहीत. माझ्या पायाला ते नीट बसत होते, बा. तू कामावर असताना मी पेटी उघडून घालून पाहिले होते.

आणि तो दिवस, तुला बहुतेक आठवत नसेल, कारण बोलणाऱ्याला आठवत नाही. आपण पाच गोलांनी हरलो होतो, त्यानं दोन मारले होते. मी डाव्या बाजूनं खेळायचो. मी त्याला बॉल न देता स्वतःच मारला आणि बाहेर घालवला. सगळे घाम पुसत बसलेले असताना तू माझ्यासमोर उभा राहिलास. "काऊन गा, त्याले काऊन नाही देल्ला?" मग तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "तू गेला त कोनाले समजत बी नाही. तो गेला त टीम मरते. एवढं डोक्यात ठेव." नवेगाववाला खाली पाहत पायाची माती काढत होता. त्याला वाईट वाटलं होतं, हेच मला जास्त लागलं. त्यानं हसून घेतलं असतं तर मी त्याला एक दिवस माफही केलं असतं.

त्याच हिवाळ्यात मिलच्या सेठनं तुला बोलावून सांगितलं की, आता एकदा शेवटचं पाहतो, या मोसमातही अशीच थू-थू झाली तर टीम बंद आणि त्या जागेवर आणखी एक ओटा. तू घरी येऊन जेवला नाहीस. आणि चार दिवसांनी लाखेच्या कारखान्याच्या मॅनेजरचा माणूस आला. त्यांची टीम सगळ्यांत तगडी. त्यांना नवेगाववाला हवा होता, आणि बदल्यात ते त्यांच्याकडचे दोन बॅक द्यायला तयार होते, दोघंही गोलसमोर भिंतीसारखे. मिलवर दोघांना काम द्यायचं, कारखान्यात त्याला, झाली अदलाबदल.

त्याला सोडून आपण सगळे बॉयलरपाशी बसलो होतो. आपला गोलकी, तो म्हातारा हमाल, पहिल्यांदा बोलला. "देऊन टाका, मिस्त्री. तो दोन मारते, मी चार खातो. मले समोर मानसं पाह्यजेत." दुसरा कुणी म्हणाला, तो गेल्यावर गोल कोण मारणार? "नाही मारले त नाही मारले, बराबरीत त राहू," गोलकी म्हणाला. तू काठीनं राख उकरत होतास. तू म्हणालास, "आपल्याच मानसाले बैलासारखं हाकलायचं का गा?" मग तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं असेल, मी गप्प राहीन. मी म्हटलं, "तो तिथं चांगल्या टीमीत खेळंल. इथं आपल्यापायी सडून राहिला." किती शहाण्यासारखं बोललो मी. तुझा चेहरा सैल झाला. त्याच्या भल्याचं आहे असं कुणीतरी म्हणावं, एवढंच तुला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरची चिठ्ठी आली, हिंदीत. तुला अक्षर येत नव्हतं आणि मी चौथी पास, म्हणून घरातली सगळी चिठ्ठीचपाटी मी वाचायचो. तू चुलीपाशी बसला होतास, आई भाकरी थापत होती. मी वाचलं: दोन बॅक सोमवारपासून मिलवर येतील, तुमचा माणूस त्याच दिवशी कारखान्यात रुजू होईल. पुढे आणखी एक ओळ होती. त्यात लिहिलं होतं की त्याला लाख धुण्याच्या कुंडीवर ठेवलं जाईल आणि टीममध्ये तो राखीव राहील, कारण सेंटरला मॅनेजरचा भाचा खेळतो. त्यांना तो खेळवायला नकोच होता. आपल्याकडून खेळू नये, एवढ्यासाठीच हवा होता. तू विचारलंस, "त्याले खेळवतील ना?" माझं बोट त्या ओळीवर होतं. मी म्हटलं, "हो. सेंटरमधीच." आणि कागद घडी करून चुलीत टाकला.

त्याला तू मिलच्या फाटकात सांगितलंस, सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या. तो म्हणाला, "मले इचारलं बी नाही, मिस्त्री?" तुझा आवाज मला माहीत आहे, तू मऊ झालास की तो उलटा कडक होतो. "तुले काय इचारू? जा म्हटलं त जा. तिथं खेळ." त्यानं तुझ्या पायाला हात लावला. तू पाय मागे घेतलास. नंतर मी ऐकलं, आत जाऊन तू व्हॉल्व्हशी उगाच खटपट करत राहिलास, अर्धा तास. पण त्यानं पाहिले ते फक्त मागे घेतलेले पाय.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बा, अदलाबदल बरोबर ठरली. ते दोन बॅक खरंच भिंत होते. पहिली मॅच बरोबरीत सुटली. दुसरी आपण जिंकलो, एका गोलानं, आणि तो मी मारला. सेठनं सगळ्यांना पेढे वाटले. ओट्याची गोष्ट बंद झाली. टीम आजवर आहे ती त्यामुळे. त्या दिवशी मी तुझ्याकडे धावत आलो होतो. तू म्हणालास, "बरं झालं," आणि रस्त्याकडे पाहिलंस, जसं कुणी यायचं राहिलं होतं.

मग लाखेच्या कारखान्याशी मॅच आली. त्यांच्या मैदानावर. नवेगाववाला रेघेबाहेर मातीत बसलेला होता. त्यांचा भाचा सेंटरला पाय आपटत फिरत होता, तीनदा रिकाम्या गोलसमोर चुकला. सामना संपला, बरोबरी, आपल्यासाठी जिंकल्यासारखंच. तू सरळ त्याच्याकडे गेलास. मी मागे होतो. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत लाल होते. कुंडीत उभं राहून दिवसभर लाख पायांनी तुडवायची, चोळायची, तिचा तो रंग, साबणानंही न जाणारा. बोटांमधली कातडी फुटून पांढरी पडलेली. तू विचारलंस, "काऊन गा, खेळून नाही राहिला?"

तो म्हणाला, "घेत नाहीत, मिस्त्री. एकदा बी नाही घेतलं."

"काऊन?"

"तुमाले त मालूम होतं. मॅनेजर म्हने, कागदात लिवून देल्लं होतं."

तू वळून माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. मी तिथेच उभा राहिलो आणि तोंडावर काही येऊ दिलं नाही. मला वाटलं तू आता मारशील, आणि मारलं असतंस तर हिशेब तिथेच मिटला असता. तू त्याला म्हणालास, "मले मालूम नव्हतं." त्यानं मान हलवली, जशी आपण खोटं बोलणाऱ्या वडीलधाऱ्यापुढे हलवतो. त्याला तुझं खरं पटलं नाही. मी एक शब्द बोललो असतो तर पटलं असतं.

तू मॅनेजरकडे गेलास, हात जोडलेस. दोन्ही बॅक परत घ्या, माझा माणूस द्या म्हणालास. तो हसला. "मिस्त्री, बदली हुई चीज वापस नहीं होती." आपल्या टीममधले लोकही तुझ्यावर चिडले. आता कुठे जिंकायला लागलो होतो. त्या दिवसानंतर तू मला काहीच बोलला नाहीस. फक्त घरात चिठ्ठी आली की ती कोटाच्या खिशात घालून स्टेशनवरच्या मालबाबूकडे वाचायला घेऊन जायचास. आई म्हणायची, घरात शिकलेला मुलगा असताना कायले जाता? तू म्हणायचास, "पाय मोकळे होतात." सहा वर्षं, बा. मरेपर्यंत. उन्हात, पावसात, खोकत. दुसरा कुणी असता तर एकदा शिव्या देऊन मोकळा झाला असता. क्रूरपणा मी तुझ्याकडूनच शिकलो, पण तुझ्याइतका नीट नाही जमला.

तू गेलास तापात, चार दिवसांत. शेवटच्या रात्री तू दोनदा "नवेगाववाला" म्हणालास. आईनं विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, पाणी मागतात.

तिसऱ्या दिवशी आई शेजारच्या बायकांबरोबर तळ्यावर गेली होती. मी एकटाच घरात. दारात तो उभा. कारखाना कधीच सोडून तो नवेगावला परतला होता, तिकडे कुणीतरी सांगितलं की मिस्त्री फार आजारी आहे, म्हणून निघाला, अर्धी वाट चालत. तू गेलास हे त्याला माहीत नव्हतं. माझे केस अजून उतरवले नव्हते, त्यामुळे पाहूनही कळलं नाही. पानात बांधलेले मासे हातात होते, बांधाच्या तलावातले.

"मिस्त्री कसा आहे गा?"

मी म्हटलं, "आता बरा आहे. झोपला आहे."

"भेटू का जरा? तेव्हा मी काहीबाही बोललो होतो त्याले."

मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, "तो नाही भेटणार तुले. तोंड नाही पाहायचं म्हणे तुझं."

त्यानं हातातल्या पुडीकडे पाहिलं. मग पानाची पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. मागे वळला नाही. नंतर कुणीतरी सांगितलंच असेल त्याला, कधी, किती दिवसांनी, ते मी विचारायला गेलो नाही.

हा कागद कुठे पाठवणार? पाठवता आला असता तरी वाचून दाखवायला तू दुसरा माणूस शोधला असतास. एक राहिलं. सुतकात घरात चूल पेटत नव्हती, म्हणून मागच्या बाजूला तीन विटा मांडून ते मासे मी भाजले आणि आई यायच्या आत सगळे खाल्ले. चांगले लागले.