कोरा चर

६ जानेवारी
आले एकदाची पनवेलला! खांदा कॉलनीतलं घर उजेडाचं आहे, नवऱ्याला, राजसला, बंदराचं ऑफिस जवळ पडतं, आणि माझी लॅब कोन गावात. इरा पहिलीत असली तरी आगाऊपणात पदवीधर. आई आइस्क्रीमच्या कोनात काम करते, असं शेजाऱ्यांना सांगून मोकळी झाली. काम मजेचं आहे. नखाएवढ्या काचेच्या चिपमध्ये केसाहून बारीक चर कोरलेले. वीज सोडली की डीएनएचे तुकडे त्यांतून धावतात. आखूड पुढे पळतात, लांब मागे रेंगाळतात. पडद्यावर हिरव्या रेषा उमटतात, माणसागणिक वेगळ्या. शेवटच्या चरात नुसतं पाणी घालायचं. त्याला कोरा चर म्हणतात. तो कोरा राहिला तरच बाकीचं खरं धरायचं.

९ जानेवारी
हात बसावा म्हणून स्वतःची लाळ चालवली. इराने हट्टच धरला, म्हणून तिचीही. तिच्या अर्ध्या रेषा माझ्या, अर्ध्या बापाच्या. नाक मात्र सगळं सासूबाईंचं! छापील कागद तिने फ्रिजवर चिकटवलाय.

१३ जानेवारी
कोऱ्या चरात रेषा आल्या. माझ्याच. आमच्या प्रमुख कीर्ती मॅडम म्हणाल्या, काम करताना जरा तोंड बंद ठेवत जा, पाण्यात थुंकी उडते. लागलं मनाला, पण चूक माझीच असणार. नवी चिप घेतली, पाण्याची सीलबंद बाटली फोडली. रेषा आल्याच, आणि आधीपेक्षा ठळक.

१५ जानेवारी
माझी लाळ पुन्हा चालवली. तिथे काहीच नाही. पाण्यात मी आहे, माझ्या लाळेत नाही. लॅब पुसणाऱ्या गुणाबाई एरवी माझ्या डब्यात आग्रहाने सुकट वाढतात. आज दारात आडव्या आल्या, "बाय, तुमी कोन? भायेरच्यांना आत नाय सोडत." मला थट्टा वाटली. त्या हसल्या नाहीत.
संध्याकाळी राजसने दार उघडलं आणि अदबीने विचारलं, आपल्याला कोण हवंय. माझा नवरा मला 'आपण' म्हणाला! इरा आई म्हणत धावली, तर त्याने तिला मागे ओढलं आणि दार लावून घेतलं.

१७ जानेवारी
लॅबची किल्ली अजून माझ्याकडे आहे. कोऱ्या चरात माझ्या रेषांशेजारी आणखी रेषा. अर्ध्या माझ्यासारख्या. इरा!
शाळेच्या फाटकाशी गेले. तिला वर्गाबाहेर बसवलं होतं. ही कुणाची मुलगी, असं बाई एकमेकींना विचारत होत्या. खूप भीती वाटते. माझं काय व्हायचं ते होवो, पण ती सहा वर्षांची आहे—
चिप फोडली. नव्या चिपमध्येही ती—

१८ जानेवारी
बोट कापलं. पाण्यात रक्त सोडलं. माझ्या रेषा जाड झाल्या, तिच्या फिक्या. म्हणजे त्या चराला माणूस हवाय. मग मीच जाते. सगळी—

१९ जानेवारी
आणखी सोडलं. तिच्या रेषा गेल्या. शाळेत फोन केला. इरा वर्गात आहे, बाबांनीच आणून सोडलं. सुटली माझी पोर. खूप रडले—

तारीख—
इथे का बसलेय? हाताला चिंधी बांधलेली. फोन वाजला. एक लहान मुलगी, आई आई करून रडत होती. इरा असं नाव सांगत होती. चुकीचा नंबर लागलाय गं बाळा, असं समजावून ठेवला. पुन्हा वाजतोय. किती गोड आवाज आहे. हिची आई कुठे असेल, जीव नुसता तुटत असेल बिचारीचा, कुणीतरी तिला—