धुळीवरचा गूळ

पौड, रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

आज हे मुंबईहून आले. लढाऊ जहाजं बांधतात त्या कारखान्यात तापणाऱ्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉसचं, न जळणारं पांढरं कापड गुंडाळायचं यांचं काम. आल्या आल्या पोरींपुढं पिशवीभर गूळ ठेवला. पाळी सुटली की कंपनी प्रत्येकाला एक खडा देते म्हणे.

"कशापायी?"

"कापडाची धूळ घशाखाली उतरावी म्हणून."

"साहेब तर म्हणतात ना, धूळ बाधत न्हाई?"

"न्हाईच बाधत. उरलेलं कापड तर खाडीतच टाकत्यात. देशाचं काम हाय, लई इचारू नगंस."

बाधत नाही, तर गूळ कशाला? कंपनी इतकी मायाळू कधीपासून झाली?

पोरी मिटक्या मारत खातायत. पिशवीभर साठला, म्हणजे यांनी स्वतः एकही खडा तोंडात टाकला नाही. आतल्या खोलीत खोकतायत.