बॅलन्स होता, नंबर गेला

शिरूर कासार

प्रिय प्रविण,

अनेक आशीर्वाद. पहिल्यांदा एवढंच ऐक, आपला जुना नंबर बंद पडलाय. तू फोन लावलास अन् कुणी परका बोलला, तर आईनं नंबर बदलून तुला तोडलं असं मनात आणू नको बाबा. त्याच धास्तीनं हे पत्र धाडतेय.

नंबर गेला कसा, ते ऐकून तुझंबी डोकं फिरंल. तू होतास तवर रिचार्ज तूच मारायचास. तू गेल्यावर मी स्टँडजवळच्या दुकानातून आपला बॅलन्स टाकत गेले. बॅलन्स हाय म्हंजी फोन चालू हाय, असंच धरून चालले. आता तुझी बहीण आरोही म्हणते, बॅलन्स वेगळा अन् मुदत वेगळी. घ्या! पैसे भरलेले असताना नंबर मरतो, हा कुठला न्याय? मला नेट नको, पिक्चर नको, नुसती घंटी वाजली पायजे. तर तसला प्लॅनच न्हाई म्हणे. तक्रारीला फोन लावला तर मशीन बोलतंय, एक दाबा, दोन दाबा. दाबून दाबून बोट दुखलं, माणूस काही येईना. आप्पा बीडच्या ऑफिसात जाऊन आले, तर नंबर दुसऱ्याला दिला म्हणून सांगितलं. त्या दुसऱ्याला मी रोज विनवायचे, माझ्या प्रविणचा फोन आला तर एवढा निरोप द्या. आधी शिव्या दिल्या, मग मला ब्लॉकच केलं मुडद्यानं.

तुला दुसरा कुणाचाच नंबर पाठ न्हाई, हे मला ठाऊक हाय. अन् मोबाईल तर तू जाताना दगडावर आपटून गेलास. लई बापासारखा, आप्पांसारखा हायेस! मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी पारावर आप्पांनी तुझ्या कानाखाली मारली, ते आठवलं की अजून काळजात कळ येते. तू समोरच्या गटाचं स्टेटस ठेवलंस, आप्पांचा माणूस पडला, अन् चार लोकांत ते बोलून गेले, माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको. आता बघ, ते दोन्ही पुढारी एकाच बॅनरवर हात जोडून हसतायत. टीव्हीवर एकमेकांचे गळे धरायचे अन् बाहेर येऊन एका कपात चहा प्यायचा. त्यांचं काय गेलं? आपल्या घरातलं एक ताट कमी झालं. आप्पांनी बातम्या बघणं सोडलंय. संध्याकाळी टीव्ही बंदच असतो, घर खायला उठतं.

ऊसतोडीची टोळी नेणारा म्हाळू मुकादम म्हणला, तू कर्नाटकाकडं कुठल्याशा कारखान्यावर ऊस तोडताना दिसलतास. कारखान्याचं नाव काही त्याला सांगता येईना. म्हणून शिरूरातून जेवढ्या टोळ्या ऊसतोडीला निघाल्यात, तेवढ्यांसाठी हेच पत्र आरोहीनं पुन्हापुन्हा लिहून काढलंय. प्रत्येक टोळीबरोबर एक. तिथं तुमच्या झोपड्यांवर, कोप्यांवर कुणी तुझं नाव घेऊन हाक मारली तर रागानं गप बसू नको, ओ दे.

मुकादमांच्या दारोदार ही पत्रं घेऊन मी गेले न्हाई. आप्पा गेलते. निवडणुकीपासून ज्यांच्याशी बोलणं बंद होतं, त्यांच्याबी दारात गेलते. मला काही सांगितलं न्हाई त्यांनी. पण हा कागद उलटून बघ. नवा नंबर प्रत्येक पत्रावर त्यांनीच लिहिलाय. अक्षर ओळखशील.

फोन कर. तेच उचलतील.

तुझीच,
आई