विहीणबाईंनी उजळवलेला डॉलर

तीर्थस्वरूप जयप्रकाशमामांस,

प्रतीकचा साष्टांग नमस्कार. (ताईचा हॉल लहान आहे, सात अंगांवर भागवून घ्या.) तुमचा गुडघा काय म्हणतो? विशाखाताई आणि जावई मजेत. मी हॉलंडात उइटहॉर्नला त्यांच्याकडे दोन दिवसांसाठी उतरलो होतो, त्याला आता महिना होईल, पण ते असो.

तुम्ही दिलेला चांदीचा डॉलर कसा जपायचा, ते मला पाठ होतं. कडेनंच धरायचा, वर श्वास सोडायचा नाही, त्यावरच्या बाईच्या कानावरचे केस आणि मागच्या गरुडाच्या छातीची पिसं झिजलीत का ते बघायचं, आणि शंभर वर्षांत चढलेला निळसर काळपटपणा ही नाण्याची कातडी, तिला हात लावायचा नाही. (एवढे तर शाळेत पाढेही पाठ नव्हते.) उट्रेख्तच्या नाणेबाजारात एका म्हाताऱ्या पारख्यांना तो दाखवायचा होता. पण आदल्या दिवशी जवळच्या डीमन गावी कोणी जुनी सायकल विकतंय असं कळलं, म्हणून डॉलर सुरक्षित जागी, म्हणजे देव्हाऱ्यात ठेवून मी तिकडे गेलो. (सायकल बरी होती, ब्रेक नव्हते.) ताईच्या सासूबाई सरलाकाकू साताऱ्याहून आल्यात, आणि गुरुवारी त्या देवांची चांदी घासतात, हे माझ्या डोक्यातून गेलं.

संध्याकाळी येतो तर गणपती आणि निरांजनाच्या रांगेत तुमची डॉलरवरची बाई, चकचकीत, कपाळाला कुंकू लावून. आधी लिंबू, मग दंतमंजन, मग जुन्या ब्रशनं पिसांतला मळ. "व्याह्यांची वस्तू अशी काळीकुट्ट परक्यांपुढे न्यायची होय रे?" काकू म्हणाल्या. ताई तुमची मुलगी, तिला बघताक्षणी कळलं. तिनं काकूंच्या पाठीमागून मला मान हलवून गप्प केलं.

पारख्यांनी भिंग लावून नाणं दिव्याखाली फिरवलं. चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरायला हवी, ती जागीच बसून राहिली. अंगभर बारीक ओरखडे. "घासलंय," ते म्हणाले, आणि भिंग ठेवून विचारलं, "आई?" म्हटलं, बहिणीची सासू. त्यांनी नाणं माझ्या हातात देऊन वरून माझी मूठ मिटली. झीज फार कमी होती, न घासता चांगली किंमत आली असती, म्हणाले.

मामा, दोन महिने काकू खिडकीशी बसून ट्रामा बघत होत्या, ताईशी 'हो' आणि 'नको' यापलीकडे बोलणं नव्हतं. डॉलर घासल्यापासून बोलतात. काल दोघी मिळून माझ्या सायकलीला हसत होत्या. ती मी घेतली, हे सांगायचं राहिलं.

आपला,
प्रतीक

ता. क. काकू तुमच्या फोनची वाट बघतायत, जेवतानाही फोन ताटाशेजारी असतो. नाणं छान निघालं, एवढं म्हणा. नुसते गप्प बसू नका, त्यांना गप्प बसणं लगेच कळतं, आणि मग ते ताईला निस्तरावं लागतं.

आणखी ता. क. पुढच्या महिन्यात साताऱ्याला जाताना काकू तुमच्याकडे दोन दिवस उतरणार आहेत. तुमची बाकीची नाणीही हातासरशी घासून देते म्हणाल्यात. दंतमंजन इथूनच घेतलंय.