आत्याच्या नावाला लागलेला शब्द

२६ सप्टें.
लोणारचं हॉटेलातलं काम सोडलं. उंद्रीत परत, आत्याकडे. ती एकटीच. तिची सोयाबीन सोंगून झाली, कापलेल्याचा ढीग रचून सुडी घातलेली, मळणी बाकी. स्टँडवर नवा फ्लेक्स: 'पांदण रस्ता अडवणाऱ्या विघ्नसंतोषी लोकांचा जाहीर निषेध.' नाव नाही. शाळेपासूनचा दोस्त गज्या, त्याले विचारलं, कोण बे हे?
"तुही आत्या."
हसलो आधी. मग नाही.

२७ सप्टें.
आत्या म्हणे, "रस्ता नको म्हटलं का मी? दोन्ही वावरांच्या धुऱ्यांतून, कडेकडेनं सारखा घ्या म्हटलं. त्या पुढारी भाऊसाहेबाचा शेजारचा धुरा सोडून सारा माह्याच वावरातून काऊन?" बरोबर आहे. पण गज्याच्या बापाले मागच्या पावसाळ्यात आजारी असताना वावरातून, याच पांदणीच्या चिखलातून खाटेवर टाकून आणलं. तेही बरोबर. दोन्ही बरोबर असलं की माझं डोकं बंद. नदीवर जाऊन बसलो. दिवस गेला.

२९ सप्टें.
मळणीयंत्रवाला म्हणे, "पांदण कुठाय? मशीन फसते." म्हटलं, परवा भाऊसाहेबाकडे त्याच पांदणीतून गेलं ना? "त्यायचं वायलं. त्यायले कोण नाही म्हणते?" वरून चहा पाजला. पिलो पण.

३० सप्टें.
आत्यानं फ्लेक्स वाचायला लावला. "म्हंजे काय रे?"
"दुसऱ्याचं काम अडलं की ज्याले बरं वाटते, तो."
आत्या म्हणे, "मले तं काही बरं वाटून नाही राह्यलं."
संध्याकाळी बकरी दारात आडवी बसलेली. "ऊठ ओ, विघ्नसंतोषी!" पोट दुखेपर्यंत हसलो दोघं.

२ ऑक्टो.
ग्रामसभा. आत्या उभी राहिली, "मोजणी आणा, दोहीकडून सारखं घ्या, आजच संमतीची सही करतो." मागून कोणीतरी तोच शब्द ओरडलं. सगळे हसले. पुढचं कोणी ऐकलंच नाही. भाऊसाहेब मिशीवरून हात फिरवत बसून होते, त्यांना बोलायची गरजच पडली नाही. मी उठणार होतो. गज्यानं हात दाबला, "बस बे." बसलो.

३ ऑक्टो.
धाडच्या बाजारात मशीन शोधायला. वाटेत गारुड्याचा खेळ, तिथंच अर्धा दिवस. शेवटी एकजण तयार झाला. "कोणाचं वावर?" नाव सांगितलं. "अच्छा, ते रस्ता अडवणारी बाई." मान हलवली, गेला. शब्द माझ्याआधी पोचला होता. ताडपत्री घेऊन परत.

५ ऑक्टो.
दुपारीच आभाळ काळं. सुडीवर ताडपत्री टाकली, अपुरी पडली. मी एक टोक धरून, आत्या दुसरं. तिसरं फडफडत. तेवढ्यात गज्या मोटारसायकलवर. "आत्या, सही देता का? मशीन आत्ता बोलावतो. मले भाऊसाहेबानं पाठवलं."
"पहिले वर ये. कोपरा धर."
उभा राहिला थोडा. मग चप्पल काढून चढला.
पाऊस थांबेपर्यंत तिघं तसेच. आत्याचा पदर निथळून राह्यला होता. खालची सोयाबीन भिजलीच.
गज्याची गाडी पांदणीत अर्ध्या चाकापर्यंत रुतली. आम्ही दोघं ढकलून थकलो. आत्या चिखलात उतरली, मागून खांदा लावला. "ढकल रे, विघ्नसंतोष्या."
गज्या हसला नाही. खाली पाहत म्हणे, "आत्या, त्यायले काय सांगू?"
"सांग, पहिले मोजणी आणा, मग सही," म्हणत आत्यानं पुन्हा खांदा लावला. गाडी निघाली नाही. आभाळ पुन्हा भरून आलं.